माल जहाजावर, हक्क कागदावर : जहाजी बिल्टीचा अर्थ व उपयोग

शेतमालाच्या विक्रीत शेतकऱ्याचे लक्ष मुख्यतः तीन गोष्टींकडे असते : मालाचा दर, काट्यावरचे वजन आणि हाती पडणारे पैसे. बाजार समितीच्या आवारात ह्या तिन्ही गोष्टी समोरासमोर ठरतात. माल डोळ्यांपुढे असतो, घेणारा शेजारी उभा असतो आणि आडत्याची पट्टी हाती येते. पैसे थकले तर कोणाच्या दारी जावयाचे, हेही ठाऊक असते.

माल समुद्रापार जावयाचा असला म्हणजे मात्र ही सोय राहत नाही. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेला द्राक्षांचा कंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात पोहोचण्यास सुएझ कालव्याच्या मार्गाने साधारणपणे तीन ते चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि ह्या प्रवासात सुमारे दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. एवढ्या काळात माल ना विकणाऱ्याच्या हाती असतो, ना घेणाऱ्याच्या. तो जहाज कंपनीच्या ताब्यात असतो. विकणाऱ्याला वाटते, पैसे आल्यावाचून माल देऊ नये. घेणाऱ्याला वाटते, मालाची खात्री झाल्यावाचून पैसे देऊ नयेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ह्या दोघांमधील अडचण एका कागदाने सोडविलेली आहे. त्या कागदास इंग्रजी व्यापारी भाषेत ‘बिल ऑफ लेडिंग’ म्हणतात. मालवाहतुकीच्या परिचित भाषेत त्यास जहाजी बिल्टी म्हणता येईल.

नाशिक, सांगली, सोलापूर इत्यादी जिल्ह्यांतील द्राक्षे, डाळिंबे व कांदा परदेशी जातात. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ साली महाग्रेप्सची स्थापना केली, तेव्हापासून शेतकऱ्यांच्या संस्था स्वतः निर्यातीत उतरल्या आहेत. पुढे शेतकरी उत्पादक कंपन्याही ह्या व्यवहारात आल्या. यास्तव हा कागद केवळ मुंबईच्या व्यापाऱ्याने समजून घ्यावयाचा आहे, असे आता म्हणता येत नाही.

एका कागदाची तीन कामे

जहाजी बिल्टी एकाच वेळी तीन कामे करते.

पहिले काम पावतीचे. अमुक इतके नग, अमुक वजनाचा माल, बाह्यतः चांगल्या स्थितीत मिळाला आणि अमुक दिवशी अमुक जहाजावर चढविला, असे जहाज कंपनी त्यावर लिहून देते.

दुसरे काम कराराच्या पुराव्याचे. माल कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरात न्यावयाचा, भाडे कोणी द्यावयाचे, नुकसान झाल्यास वाहकाची जबाबदारी किती, ह्या अटी बिल्टीवर छापलेल्या असतात.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे होय. बिल्टी हा माल मागण्याचा हक्क आहे. ज्याच्या हाती रीतसर मूळ बिल्टी, त्यालाच पोहोचण्याच्या बंदरात जहाज कंपनीने माल द्यावयाचा असतो. बिल्टी हस्तांतरित झाली म्हणजे समुद्रावर असलेला माल जागचा न हलविता दुसऱ्याच्या हाती गेल्यासारखा होतो. वाटेत माल विकता येतो. बिल्टी तारण ठेवून बँकेकडून कर्जही घेता येते.

ही कल्पना ग्रामीण भागास अगदीच अपरिचित आहे असे नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याने मालाच्या हक्काचे जे कागद मानले आहेत, त्यांत जहाजी बिल्टीबरोबर रेल्वेची पावती आणि वखारीचा दाखलाही येतो. हरभरा किंवा सोयाबीन वखारीत ठेवून मिळालेली पावती बँकेत तारण ठेवणाऱ्या शेतकऱ्याने हेच तत्त्व वापरलेले असते. धान्याचे पोते वखारीतच राहते, परंतु त्यावरील हक्क कागदाच्या रूपाने बँकेत जातो. जहाजी बिल्टीच्या बाबतीत वखार चालती असते, एवढाच भेद.

आपल्या देशात ह्या विषयाचा पहिला कायदा १८५६ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत झाला. अवघ्या तीन कलमांचा तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्याच वर्षी समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदाही बदलून नवा आणला. भाषा सुलभ झाली, तथापि मूळ तत्त्व तेच राहिले. बिल्टी ज्याच्या नावे किंवा पृष्ठांकनाने ज्याच्याकडे जाते आणि तिच्याबरोबर मालाची मालकीही ज्याच्याकडे जाते, त्याच्याकडे वाहकाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही जातो.

कागदाचा प्रवास

व्यवहार समजण्यासाठी द्राक्षांचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीने पाच किलोच्या २,६०० पेट्या, म्हणजे १३,००० किलो द्राक्षे एका शीत कंटेनरमध्ये भरली. कंटेनरला सील लावले. सीमाशुल्क खात्याचे सोपस्कार पूर्ण झाले आणि कंटेनर जहाजावर चढला. त्यानंतर जहाज कंपनी बिल्टी देते. मूळ बिल्टी बहुधा तीन प्रतींची असते. तिन्हींचे मोल सारखेच असते; कोणतीही एक प्रत दाखवून माल सोडविला की उरलेल्या दोन निरुपयोगी होतात. म्हणून तिन्ही प्रती एकाच हाती असणे आवश्यक आहे. दोन प्रती तिजोरीत सांभाळून तिसरी ग्राहकाकडे पाठविणे म्हणजे मागचे दार उघडे ठेवून पुढच्या दारास कुलूप लावण्यासारखे होय.

त्यानंतर कंपनी तिन्ही प्रती, विक्रीचे बिल, पेट्यांची यादी, पीक आरोग्य प्रमाणपत्र इत्यादी कागदांसह आपल्या बँकेत देते. ती बँक ते सर्व ग्राहकाच्या देशातील बँकेकडे पाठविते. ‘पैसे भरल्यावरच कागद द्यावे’ अशी सूचना असेल, तर ग्राहकास आधी पैसे भरावे लागतात. मग बिल्टी मिळते आणि बिल्टी दाखवून कंटेनर मिळतो. ‘मुदतीची हुंडी स्वीकारल्यावर कागद द्यावे’ अशी सूचना असेल, तर माल आधी जातो आणि पैसे मागाहून येतात. त्यात धोका अधिक असतो.

ग्राहकाच्या बँकेचे पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, असेल तर पैशाची हमी बँक घेते. परंतु बँक माल पाहत नाही, कागद पाहते. पतपत्रात लिहिलेल्या शब्दाशी बिल्टीतील शब्द जुळला नाही, तर पैसे अडतात. पतपत्राच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे माल चढविल्याच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत, आणि पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी, कागद सादर करावे लागतात. पतपत्रात ह्याहून कमी दिवस दिले असतील तर ते पाळावे लागतात. चांगल्या मालाचे पैसे केवळ उशिरा दिलेल्या कागदामुळे अडावेत, यासारखे दुर्दैव नाही.

बिल्टी कशी वाचावी

बिल्टीचा मसुदा पक्का होण्यापूर्वी तो तपासण्यासाठी माल पाठविणाऱ्याकडे येतो. त्याच वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात. एकदा मूळ बिल्टी निघाली म्हणजे दुरुस्तीस वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

१. माल पाठविणारा : येथे कोणाचे नाव आहे, हे प्रथम पाहावे. वाहकाशी करार त्याच नावाने झालेला असतो.

२. माल घेणारा : येथे ग्राहकाचे नाव थेट लिहिले असेल तर ती नामनिर्दिष्ट बिल्टी होय. ती पृष्ठांकन करून पुढे देता येत नाही, आणि अमेरिकेसारख्या देशात त्या नावाच्या व्यक्तीस मूळ बिल्टी न मागताही माल देता येतो. उलट, येथे ‘आदेशानुसार’ असे लिहिले असेल, तर माल पाठविणाऱ्याने बिल्टीच्या पाठीवर सही केल्यावाचून हक्क पुढे जात नाही. बँकेच्या आदेशानुसार अशीही बिल्टी करता येते. पैसे यावयाचे असतील तेथे दुसरा प्रकार अधिक सुरक्षित असतो. मात्र कोऱ्या पृष्ठांकनाची बिल्टी, म्हणजे कोणाचेही नाव न घालता पाठीवर केवळ सही केलेली बिल्टी, रोख पैशासारखी जपावी. ती ज्याच्या हाती पडेल तो माल मागू शकतो.

३. सूचना द्यावयाची व्यक्ती : जहाज आल्याची वर्दी ज्याला द्यावयाची त्याचे नाव येथे असते. केवळ ह्या नावाने मालावर हक्क पोहोचत नाही.

४. नग, वजन, कंटेनर क्रमांक व सील क्रमांक : कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे व सात अंकांचा असतो. एक अंक चुकला तरी घोळ होतो. ‘एक कंटेनर द्राक्षे’ एवढेच लिहू न देता ‘२,६०० पेट्या’ असा उल्लेख करून घ्यावा. नुकसानभरपाईची कायद्यातील मर्यादा दर नगास ६६६.६७ किंवा दर किलोस २ एकके, ह्यांपैकी जी अधिक असेल ती, अशी आहे. हे एकक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे असून त्याचे मोल शंभर रुपयांहून अधिक असते. बिल्टीवर पेट्यांची संख्या असेल तर प्रत्येक पेटी नग धरली जाते. नसेल तर संपूर्ण कंटेनर एकच नग ठरतो.

५. ‘जहाजावर चढविला’ हा शेरा व तारीख : ‘वाहतुकीसाठी स्वीकारला’ आणि ‘जहाजावर चढविला’ ह्यांत फार अंतर आहे. पहिल्या शेऱ्याचा माल अद्याप धक्क्यावर पडून असू शकतो. कराराची मुदत टळली म्हणून तारीख मागे ओढून घेण्याचा मोह कोणी धरू नये. ती फसवणूक ठरते.

६. स्थितीविषयीचे शेरे : ‘पेट्या दबलेल्या’, ‘पेट्या ओल्या’ असा शेरा नसलेल्या बिल्टीस स्वच्छ बिल्टी म्हणतात. बँका सामान्यतः स्वच्छ बिल्टीच स्वीकारतात.

७. भाडे व तापमान : भाडे भरलेले आहे की पोहोचल्यावर द्यावयाचे, हे करारानुसार असावे. द्राक्षांसाठी शून्य अंश सेल्सियसच्या आसपासचे ठरविलेले तापमान बिल्टीवर स्पष्ट असावे. तापमान बिघडल्यास पुढील सर्व वाद ह्याच आकड्याभोवती फिरतो.

नामसादृश्याने होणारी गफलत

शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग ही नावे सारखी वाटली तरी कागद निराळे आहेत. शिपिंग बिल हा सीमाशुल्क खात्याकडे निर्यातीसाठी सादर करावयाचा कागद होय. त्याने माल देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळते, परंतु परदेशात माल मागण्याचा हक्क मिळत नाही.

विमानाने जाणाऱ्या मालाची गोष्टही वेगळी आहे. हापूस आंब्याच्या पेट्या विमानाने गेल्या म्हणजे एअर वे बिल मिळते. ते पावती व करार आहे, पण मालाच्या हक्काचा कागद नाही. त्यावर ज्याचे नाव असेल त्यास माल मिळतो. म्हणून विमानाने माल पाठविताना पैशाची तजवीज आधीच करावी लागते. समुद्रमार्गे वापरले जाणारे सी वे बिलही ह्याच जातीचे आहे.

मालवाहतूक दलालाने स्वतःच्या नावे दिलेली बिल्टी आणि प्रत्यक्ष जहाज कंपनीची बिल्टी ह्यांतही भेद असतो. दलालाची बिल्टी हाती असता जहाज कंपनीची बिल्टी दलालाच्या परदेशातील हस्तकाकडे असते. अशा वेळी दलालाची नोंदणी व पत पाहूनच व्यवहार करावा.

हक्क हातचा कसा जातो

मूळ बिल्टी टपालाने पोहोचण्यास उशीर लागला तर माल बंदरात पडून राहतो, नाशवंत माल बिघडतो आणि बंदराचे भाडे चढते. ही अडचण टाळण्यासाठी मूळ बिल्टी येथेच जहाज कंपनीस परत करून तारेने किंवा संगणकाद्वारे माल सोडण्याची सूचना देण्याची पद्धत आहे. तिला टेलेक्स रिलीज म्हणतात. पैसे आधी मिळाले असतील तर ही पद्धत सोयीची आहे. परंतु पैसे येण्यापूर्वी बिल्टी परत केली, तर विकणाऱ्याची मालावरील पकड त्याच क्षणी सुटते. त्यानंतर ग्राहकाचा शब्द एवढाच आधार उरतो.

द्राक्षांचा पुष्कळसा व्यापार विक्रीवर पट्टी ह्या पद्धतीने होतो. माल तेथे विकला जातो, खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम येते. ह्या पद्धतीत बिल्टी बहुधा पैसे येण्यापूर्वीच सुटते. नाशवंत मालाच्या बाबतीत ते सर्वस्वी टाळता येईलच असे नाही. परंतु आपण हक्क सोडीत आहोत, हे जाणून तो सोडावा. निदान काही रक्कम आगाऊ घ्यावी, किमान दर लेखी ठरवावा आणि पैसे बुडण्याच्या धोक्याचा विमा उतरवावा. ईसीजीसी ही १९५७ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी असा विमा देते.

ग्राहकाचे दिवाळे निघाले तर पैसे न मिळालेल्या विक्रेत्यास वाटेतील माल थांबविण्याचा हक्क मालविक्री कायद्याने दिलेला आहे. परंतु ग्राहकाने बिल्टी मिळवून ती एखाद्या प्रामाणिक खरेदीदारास मोबदला घेऊन विकली असेल, तर हा हक्क चालत नाही. कागद हातून गेला की कायद्याचे साहाय्यही दूर जाते.

बिल्टी काय करीत नाही

बिल्टीवर विसंबताना तिची मर्यादाही ध्यानी घ्यावी. कंटेनर शेतकऱ्याच्या शीतगृहात भरून सील झालेला असतो. जहाज कंपनीने आतील माल पाहिलेला नसतो. म्हणून ‘पाठविणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे’ असे शब्द बिल्टीवर येतात. मण्यांचा आकार, साखरेचे प्रमाण किंवा औषधांचे अंश ह्यांची ग्वाही बिल्टी देत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईड ह्या वाढनियंत्रकाचे अंश युरोपीय मर्यादेहून अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षांचे अनेक कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले आणि बागायतदारांना मोठी झळ बसली. कागद निर्दोष असले तरी बागेतील चूक ते झाकू शकले नाहीत.

वाहतुकीत नुकसान झाल्यास तक्रारीची मुदत अल्प आहे. नुकसान वरून दिसत असेल तर माल ताब्यात घेतानाच, आणि दिसत नसेल तर तीन दिवसांच्या आत, वाहकास लेखी कळवावे. तसे न केल्यास माल बिल्टीत लिहिल्याप्रमाणे मिळाला असे प्रथमदर्शनी मानले जाते. दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. कंटेनरमध्ये ठेवलेल्या तापमान नोंदयंत्राची नोंद अशा वेळी मोलाचा पुरावा ठरते.

निर्यातदारास माल देणारा शेतकरी

बहुसंख्य शेतकरी स्वतः निर्यात करीत नाहीत. बागेतला माल निर्यातदारास देतात. अशा वेळी बिल्टीवर निर्यातदाराचे नाव असते. शेतकऱ्याचा त्या कागदावर हक्क नसतो; त्याचे येणे फक्त निर्यातदाराकडून असते. हा भेद कटू असला तरी स्पष्ट सांगितला पाहिजे. तोंडी शब्दावर माल तोडून दिलेल्या शेतकऱ्यास पुढे रॉटरडॅमच्या ग्राहकाकडे किंवा जहाज कंपनीकडे जाऊन काही मागता येत नाही.

यास्तव अशा शेतकऱ्याने दर, वजन, पैशाची मुदत आणि नापसंत मालाचा भार कोणावर, हे लेखी करून घ्यावे. अंतिम दर परदेशातील विक्रीवर अवलंबून असेल, तर बिल्टीची छायाप्रत आणि विक्रीची पट्टी मिळण्याची अट घालावी. छायाप्रतीने माल मिळत नाही. परंतु कंटेनर कोणता, जहाज कोणते, माल कोणत्या दिवशी चढला, हे तिच्यावरून कळते. कंटेनर क्रमांकावरून जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर मालाचा मागही काढता येतो. ‘माल अजून पोहोचला नाही’ हे उत्तर खरे की खोटे, ते त्यामुळे पडताळता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

हंगामापूर्वी गावातील निर्यातक्षम बागांच्या मालकांची आणि उत्पादक कंपनीच्या संचालकांची बैठक घेऊन एखाद्या जुन्या बिल्टीची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी व एकेक रकाना वाचून दाखवावा. औषधफवारणीच्या नोंदवहीप्रमाणेच पाठविलेल्या मालाची नोंदवही ठेवण्यास सांगावे. तीत बिल्टीचा क्रमांक व तारीख, कंटेनर व सील क्रमांक, पेट्यांची संख्या, मूळ प्रती कोणास कोणत्या दिवशी दिल्या आणि पैसे कधी आले, एवढे रकाने पुरेसे आहेत. मूळ प्रती सोडण्याचा निर्णय एकट्या व्यवस्थापकाने तोंडी न घेता संचालकांच्या लेखी संमतीने व्हावा.

द्राक्षाचा घड तयार होण्यास ऑक्टोबरच्या छाटणीपासून काही महिन्यांचे श्रम लागतात. थंडी, अवकाळी पाऊस आणि भुरी ह्यांतून वाचविलेला माल जहाजावर चढल्यानंतर शेतकऱ्याजवळ त्याची म्हणून एकच वस्तू शिल्लक राहते, ती म्हणजे तो कागद. ज्या दक्षतेने बाग राखली, त्याच दक्षतेने तो वाचावा, सांभाळावा आणि पैशाची खात्री झाल्यावरच हातून सोडावा.